टाकीवाली सरदारीण

दातमावशी तुम्हाला रस्त्यात भेटली, तर ओळख पटायला वेळ लागायचा नाही. नखांत कायम पांढरं प्लास्टर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोरचा माणूस बोलायला लागला की हिची नजर सरळ त्याच्या तोंडात. "वरची डावी दाढ कुणी बसवली हो? उंच झालीय," असं ती बसथांब्यावरच्या अनोळखी माणसालाही सांगून मोकळी व्हायची. माणूस बिचारा ओठ मिटून घ्यायचा.

धंदाच तसा तिचा. दातांच्या दवाखान्यांतून रोग्यांच्या जबड्याचे ठसे तिच्याकडे यायचे आणि तिच्याकडून कवळ्या परत जायच्या. खाली कुलूपवाल्याचं दुकान, वर हिच्या दोन खोल्या. एकीत मेण, प्लास्टर, गुलाबी अॅक्रिलिकची भुकटी. दुसरीत घासायचं मशीन आणि त्याची घरघर. कवळी तयार झाली की ती प्लास्टरच्या जबड्यावर ठेवायची, अंगठ्यानं हलकेच दाबायची आणि श्वास रोखून बघायची. कुठं डगडग नाही, फट नाही, अशी खात्री पटली की एकच शब्द – "बसलं." नाहीतर "नाही बसलं", की ती वस्तू पुन्हा तासायला. अधलंमधलं काही नाही. 'चालेल', 'भागेल' हे शब्द तिच्यासमोर काढायची सोय नव्हती.

आता हे कवळीपुरतं ठेवावं ना माणसानं! पण नाही. हिची एकुलती एक लेक त्या खोल्यांतच मोठी झाली, टेबलाखाली बसून उरल्यासुरल्या मेणाचे हत्ती-घोडे करत. पोर मोठ्या हौसेनं हत्ती घेऊन यायची आणि आई अंगठ्यानं त्याची पाठ दाबून म्हणायची, "मागचा पाय आखूड आहे. नाही बसलं." पोर तोंड फुगवून पुन्हा टेबलाखाली. दुसरी एखादी असती तर तिनं मेणाचं नाव टाकलं असतं. हिनं हट्टच धरला. आईच्या तोंडून आपल्या हातच्या वस्तूला एकदा तरी 'बसलं' मिळवायचंच. बोटांत कसब आलं, शिक्षण झालं, सिनेमासाठी पोशाख आणि हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, तरी तो शब्द काही मिळाला नव्हता.

दातमावशीचं दुसरं वेड म्हणजे गगनफौज. तिच्या लहानपणी धुण्याच्या पावडरीच्या डब्यात बोटाएवढी प्लास्टिकची माणसं निघायची. अंतराळातले सैनिक, त्यांचा उंचच उंच कप्तान, तिपाई नावाचं तीन पायांचं एक यंत्र. मुलं त्यापायी इतकी पिसाळली होती की घरोघरी स्वच्छ कपडेसुद्धा धुवायला टाकले जात. गंमत अशी, की या फौजेबरोबर गोष्ट अशी काही यायचीच नाही. डब्यावर कप्तानाचं चित्र, बस्स. बाकीचे कोण, कुठले, कुणाशी लढतात, हे ज्यानं त्यानं आपापल्या घरी ठरवायचं.

या फौजेत एकच बाई होती आणि ती फार क्वचित निघायची. मावशीला निघाली तेव्हा तिनं सारं घर डोक्यावर घेतलं होतं. बाई सुट्या भागांत आली होती: एक धड, एक हवेची टाकी, एक बंदूक. छातीला एक भोक, पाठीला एक भोक. छोट्या मावशीनं दादा शाळेतून यायच्या आत टाकी पुढं दाबून बसवली आणि बंदूक मागं अडकवली.

दादानं आल्या आल्या विचारलं, "अगं, पाठीवरची बंदूक ही काढणार कशी?"

"काढायचीच नाही," ही म्हणाली. "तिच्या पोटाशी बाळ आहे. त्या टाकीत. बाळ जवळ असताना कुणी बंदूक चालवतं का?"

झालं! त्या दिवसापासून टाकीवाली सरदारीण एकही गोळी न झाडता लढाया जिंकायला लागली. कधी शत्रूला बोलण्यात गुंतवून, कधी त्याच्या यानातला पंखा दुरुस्त करून देऊन, कधी नुसती वाट अडवून बसून. दादा पुढं मोठा झाला, विसरला. ही नाही विसरली. तरुणपणी ती ज्या कवळ्यांच्या कारखान्यात लागली, तिथला मालक तिला प्लास्टर कालवण्यापलीकडे कशाला हात लावू देत नव्हता. हिनं भांडण केलं नाही. मालकाची म्हातारी आई कुठलीच कवळी तोंडात ठेवत नव्हती, तिच्याशी गप्पा मारता मारता तिचं तोंड नीट पाहून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत बसून कवळी केली. म्हातारीनं ती घातली ती काढायलाच तयार होईना. मालकानं मुकाट्यानं हिला टेबल दिलं. "टाकीवालीनं तरी दुसरं काय केलं असतं?" असं मावशी नवऱ्याला सांगायची. नवरा म्हणायचा, "या घरात मला टाकीवालीखालोखाल मान आहे, हे काय कमी आहे?"

पुढं कुणीतरी तिला सांगितलं की गावात गगनफौज जमवणाऱ्या वेड्यांचं एक मंडळ आहे. वाचनालयामागच्या खोलीत ते रविवारी भरायचं. घड्याळं दुरुस्त करणारे काका, बसचा एक निवृत्त ड्रायव्हर, शाळेतल्या एक बाई आणि असेच चारदोन जण. मावशी पहिल्याच दिवशी चष्म्याच्या डबीत कापसावर निजवलेली टाकीवाली घेऊन गेली, टेबलावर उभी केली आणि तिची सगळी कहाणी सांगितली. सगळे एकदा बाहुलीकडे आणि एकदा मावशीकडे बघत राहिले. मावशीला वाटलं, भारावले. पुढच्या खेपेला ज्यांच्या ज्यांच्याकडे टाकीवाली होती त्यांनी ती आणली, आणि सगळ्यांच्या टाक्या पुढं होत्या. मावशीला कोण आनंद!

आणि मग बातमी आली की गगनफौजेवर सिनेमा निघतोय.

मंडळात नुसता धुरळा उडाला. ड्रायव्हर टेबलावर चढायच्या बेतात होता. पण खरा बॉम्ब मावशीच्या घरी फुटला. लेक एके दिवशी कामावरून आली, चपला काढायच्या आधीच म्हणाली, "आई, पोशाखांचं काम आमच्याकडे आलंय. आणि टाकीवाली माझ्या टेबलावर आलीय."

मावशीच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"बाकी एक अक्षर विचारायचं नाही," लेक घाईघाईनं म्हणाली. "बाहेर बोलायचं नाही अशी अट आहे. तू थेट पडद्यावर बघ. आणि बघून झालं की मला एकच सांग. बसलं की नाही बसलं."

मावशीनं विचारलं नाही, पण गप्प बसणं तिला कुठलं जमायला! रविवारी तिनं मंडळात छाती पुढं काढून सांगितलं, "टाकीवालीचं काम माझी लेक करतेय. केसभर इकडचं तिकडं व्हायचं नाही. माझा शब्द!" घड्याळकाकांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हरला एकाएकी खोकला आला. मावशीनं त्याला पाणी दिलं.

इकडे लेक मात्र वेगळ्याच पेचात होती. कारखान्यात तिच्या टेबलावर पहिल्याच दिवशी एक जुनं चित्र ठेवलं गेलं होतं आणि ते तिनं तीनतीनदा तपासून पाहिलं होतं. घरी ते सांगायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. मावशीला फक्त एवढंच दिसत होतं की पोर जेवताना ताटात बघते आणि आईची नजर टाळते. कामाचा ताण असेल, असं ती धरून चालली होती.

सिनेमाचा दिवस उजाडला. दुपारचा पहिला खेळ. मावशीचे पाय जमिनीवर नव्हते. घासायचं मशीन बंद, दवाखान्यांना निरोप, "आज कुणाचेही दात दुखले तरी मी नाही." नवऱ्याला चांगला सदरा घालायला लावला, लेकीला बरोबर घेतलं. पर्समध्ये चष्म्याची डबी, डबीत टाकीवाली. थेटराच्या दारात मंडळ आधीच हजर होतं. ड्रायव्हरनं कप्तानासारखं शिरस्त्राण घातलं होतं, घरच्या घरी पातेल्याला रंग देऊन केलेलं. बाईंनी शिट्टी आणली होती. घड्याळकाका सारखे शर्टाचा खिसा चाचपत होते.

दिवे गेले. पडद्यावर अक्षरं आली, 'गगनफौज', आणि बाईंनी अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतलं बाळ उठून रडायला लागलं. मावशीनं लेकीचा हात घट्ट धरला. लेक पडद्याकडे बघतच नव्हती, आईच्या तोंडाकडे बघत होती.

पहिली काही मिनिटं बरी गेली. मग तीन पायांचं यंत्र बोलायला लागलं. नुसतं बोलेना, विनोद करायला लागलं. ड्रायव्हरनं पातेलं काढून मांडीवर घेतलं. कप्तान दर थोड्या वेळानं रडत होता. बाईंनी शिट्टी पर्समध्ये टाकली. आणि मग दरवाजा फोडून टाकीवाली आली. बंदूक छातीशी, टाकी पाठीवर. आल्या आल्या तिनं एवढ्या गोळ्या झाडल्या, की धूर खाली बसेपर्यंत शत्रूकडचं कुणी उभंच राहिलं नाही.

"अगं, हिचं बाळ कुठाय?" मावशी भर अंधारात ओरडली.

लोक हसले. मावशी पुढचा सगळा वेळ खुर्चीच्या टोकावर बसून राहिली. आता काढेल टाकी, आता घेईल पुढं, आता शत्रूला काही समजावून सांगेल... कशाचा पत्ता नाही. शेवटी तर तिनं अख्खा ग्रहच उडवला.

बाहेरच्या दालनात आल्याबरोबर मंडळ पेटलं. "तिपाई बोलते? माझी तिपाई आजवर एक शब्द बोललेली नाही!" ड्रायव्हर म्हणाला. "आणि तो कप्तान की नळ?" बाई म्हणाल्या. तेवढ्यात एका वाहिनीची मुलगी माईक घेऊन लोकांची मतं विचारत आली. तिच्यामागं कॅमेरा. मावशी गर्दीतून वाट काढत थेट तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. बिनबंदुकीचं आयुष्य काढलेली बाई, पण आज तिनं बंदूक काढायचीच ठरवली होती.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "ज्या शहाण्यांनी टाकीवालीची टाकी उलटी लावली, त्यांना माझा एकच सवाल आहे."

"आई, नको." लेकीनं तिची बाही धरली. "आई, ते मी लावलंय."

"तुझा काय दोष? तुला लावायला लावली. मी त्यांच्याशी बोलतेय."

"कुणी लावायला लावली नाही गं!" लेकीचा आवाज फुटला. "तीच बरोबर आहे. मूळ साचा ज्यांनी केला, त्यांनी काढलेलं चित्र माझ्या टेबलावर होतं. टाकी पाठीवर, बंदूक पुढं. पहिल्यापासून तशीच. आई, आपलीच उलटी आहे."

माईकवाली मुलगी चाचरत म्हणाली, "हे... घेऊ का?"

"थांब गं जरा," मावशी म्हणाली आणि पर्समधून डबी काढली.

तिनं टाकीवाली हातावर घेतली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर सरकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे कवळीकडे बघावं तसं बघितलं. टाकीची आतली बाजू खोलगट होती, पाठीच्या बाकाला जुळेल अशी. छातीवर ती टेकतच नव्हती. मध्ये फट होती. ती फट गुलाबी अॅक्रिलिकनं भरलेली होती, आणि ते अॅक्रिलिक तिनं स्वतःच, काम शिकायला लागल्या लागल्या, मोठ्या प्रेमानं भरलं होतं. लोकांच्या तोंडातली केसाएवढी फट जिला खपत नव्हती, तिनं ही एवढी मोठी फट जन्मभर डबीत घालून मिरवली होती.

"मी तुम्हा सगळ्यांना शब्द दिला होता," ती मंडळाकडे वळून म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "माफ करा हो. चूक माझीच."

मंडळातलं कुणी तिच्या नजरेला नजर देईना. घड्याळकाका खाकरले. "मावशी, आम्हाला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

"आणि तोंडं शिवली होती का सगळ्यांची?"

काकांनी खिशातून आपली टाकीवाली काढली. टाकी पुढं होती, मावशीच्या टाकीवालीसारखीच. मग त्यांनी ती उलटी करून पाठ दाखवली. सगळं प्लास्टिक जुनं होऊन पिवळं पडलं होतं, फक्त पाठीवर मधोमध टाकीच्या आकाराचा एक पांढरा ठसा होता. वर्षानुवर्षं टाकी तिथं होती, म्हणून तेवढी जागा पिवळी व्हायची राहिली होती.

"तुमची गोष्ट ऐकली," काका म्हणाले, "घरी गेलो, टाकी काढली आणि पुढं लावली. तोवर माझी टाकीवाली नुसती बंदूक घेऊन उभी होती हो. काय करायचं ते तिला ठाऊकच नव्हतं."

"माझी काढताना तुटली," ड्रायव्हर म्हणाला. "खिळा तापवून चिकटवली. बोटही भाजलं."

"माझ्या नातीला तर दुसरी कुठली माहीतच नाही," बाई म्हणाल्या. "सिनेमा बघितला तर रडेल पोर."

मावशी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे चित्रवाल्यांच्या हिशेबानं तिचा हात बंदुकीपर्यंत पोचत होता! अरे देवा! आणि मी तिचा कित्ता गिरवत त्या म्हातारीची कवळी केली!" नवऱ्यालाही हसू आवरेना. हसता हसता तिचं लक्ष लेकीकडे गेलं.

लेक हसत नव्हती. पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती. लहानपणी आखूड पायाचा हत्ती परत घेऊन जाताना उभी राहायची, तश्शीच.

"काढून सरळ करायची का?" तिनं हळूच विचारलं. "मी करून देईन. काही तुटू देणार नाही."

"हात तर लावून बघ!" मावशीनं डबी बंद केली. मग तिचा आवाज उतरला. "तू मला काय विचारलं होतंस? बसलं की नाही बसलं. खरं सांगू? मी तुझं काम बघितलंच नाही गं. मी नुसतं बाळ शोधत बसले."

लेकीनं मान वर केली.

"चल," मावशी म्हणाली. "पुढच्या खेळाला बसायचं."

"अगं आई, तुला आवडला नाही ना सिनेमा?"

"सिनेमा रद्दी आहे. सिनेमा कोण बघतंय?"

माईकवालीला राहवेना. "मावशी, एका वाक्यात सांगा ना, कसा वाटला चित्रपट?"

"भिकार," मावशी म्हणाली. "पुन्हा बघायला चाललोय." आणि खरंच, सगळं मंडळ तिच्यामागून तिकीटखिडकीकडे निघालं, ड्रायव्हर पातेलं डोक्यावर चढवत.

या खेपेला मावशीनं कामाचा चष्मा लावला. तिपाई बोलली, तिनं ऐकलं नाही. कप्तान रडला, तिनं पाहिलं नाही. दरवाजा फुटला, टाकीवाली आली, आणि मावशीचा अंगठा आपोआप खुर्चीच्या दांड्यावर टेकला. टाकीवाली धावत सुटली, टाकी पाठीला चिकटून. छतावरून उडी मारली, वाकली, लोळली, उठली. पट्टे खांद्यावरून असे काही फिरवले होते, की मान मोकळी आणि काखेत कुठं घासत नव्हतं. बकल गळ्याच्या हाडाच्या बरोबर खाली. टाकीची कड आणि पाठ यांच्यामध्ये कागद सरकवायलाही जागा नव्हती. मावशी पुढं झुकली, श्वास रोखून बघत राहिली. शेजारी लेकीनंही श्वास रोखला होता.

मावशीनं दांडा अंगठ्यानं हलकेच दाबला.

"बसलं," ती म्हणाली.

"शूऽऽ!" पुढच्या रांगेतून कुणीतरी वळून बघितलं. मावशीनं तिकडे लक्ष दिलं नाही. ती पुन्हा एकदा म्हणाली, "बसलं," आणि या वेळी चांगलं मोठ्यानं म्हणाली, कारण शेजारच्या खुर्चीत लेक रडत होती आणि पहिल्यांदा तिला नीट ऐकू गेलं नसेल, असं मावशीला वाटलं.